प्रकरण अभ्यास: चालू पीएलसीत घातलेली एक ओळ आणि ट्रिप झालेला कॉम्प्रेसर

यंत्र बंद न करता पीएलसीचा (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरचा) प्रोग्राम बदलायचा, म्हणजे ऑनलाइन एडिट करायचं, तेव्हा बहुतेकांचं सगळं लक्ष नव्या ओळीचं लॉजिक बरोबर आहे का याकडे असतं. खाली दिलेल्या प्रकरणात लॉजिक बरोबर होतं, ऑफिसात तपासलेलं होतं, आणि एडिटच्या पायऱ्याही क्रमाने झाल्या होत्या. तरी १२ सेकंदांत कॉम्प्रेसर ट्रिप झाला, म्हणजे संरक्षणासाठी आपोआप बंद पडला. प्रकरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, त्यातले दाब आणि वेळा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. कंट्रोलर मात्र खराच असा वागतो.

यंत्रणा

कॉम्प्रेसरला थंड पाणी पुरवणारे तीन सेंट्रिफ्यूगल पंप. प्रत्येकाला ७५ किलोवॉटची मोटर, सॉफ्ट स्टार्टर (मोटरचा वेग हळूहळू चढवणारं उपकरण) आणि डिलिव्हरीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा). दोन पंप चालू, एक राखीव. दोन पंपांवर हेडरचा, म्हणजे तिन्ही पंपांच्या सामाईक पाइपचा, दाब ४.२ बार राहतो. दाब ३.२ बारच्या खाली गेला की पीएलसी राखीव पंप सुरू करते. दाब २.६ बारच्या खाली सलग १० सेकंद राहिला की कॉम्प्रेसर ट्रिप होतो. हे ट्रिप वेगळ्या प्रेशर स्विचवर आणि टायमर रिलेवर हार्डवायर्ड (थेट तारांनी जोडलेलं) आहे, पीएलसीचा त्याच्याशी संबंध नाही. असंच असायला हवं, आणि पुढे जे घडलं त्यात नेमकं काम केलेली ही एकच गोष्ट होती.

सॉफ्ट स्टार्टरचा रॅम्प, म्हणजे वेग चढायचा काळ, ८ सेकंदांचा. पंप थांबला की पीएलसी त्याला ६० सेकंद पुन्हा सुरू होऊ देत नाही. मोटर आणि स्टार्टर दोन्हींसाठी ते लॉक गरजेचं आहे.

कंट्रोलर रॉकवेलच्या लॉजिक्स मालिकेतला, प्रोग्राम लॅडरमध्ये, म्हणजे ओळींच्या आकृतीच्या भाषेत. कंट्रोलर या ओळी क्रमाने पुन्हा पुन्हा चालवतो, अशी एक फेरी म्हणजे एक स्कॅन. राखीव पंप कोणता हे एका टॅगवर (प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या किमतीवर) ठरतं, त्याला इथे ‘राखीव-क्रमांक’ म्हणू. किंमत ३ असेल तर पंप-३ राखीव, १ आणि २ यांना चालू राहण्याची कमांड. किंमत ३ च्या वर गेली तर पुढची ओळ ती पुन्हा १ करते. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) बदलीचं, म्हणजे राखीव पंप बदलायचं, बटण होतं आणि ते दाबलं की हा क्रमांक एकाने वाढायचा.

मागणी

बदली हाताने होते म्हणून विसरली जाते, तर दर १६८ तासांनी ती आपोआप व्हावी, एवढीच मागणी होती. प्रोग्राममध्ये ‘बदली-तास’ नावाचा काउंटर आधीपासून होता. नवी ओळ अशी: बदली-तास १६८ किंवा जास्त झाले, तर वन-शॉटमधून (अट खरी होताच फक्त एका स्कॅनपुरती चालणारी इन्स्ट्रक्शन) एकदाच राखीव-क्रमांकात १ मिळवा आणि बदली-तास शून्य करा. ही ओळ वरच्या मर्यादेच्या ओळीच्या लगेच आधी बसवायची होती, म्हणजे ३ चे ४ आणि ४ चा १ हे एकाच स्कॅनमध्ये होईल. जागा योग्य निवडली होती. मधल्या काळात कुठल्या ओळीला ४ हा आकडा दिसला असता आणि तो तीन घटकांच्या ॲरेचा (किमतींच्या यादीचा) इंडेक्स म्हणून वापरला गेला असता, तर लॉजिक्समध्ये टाइप ४, कोड २० चा मेजर फॉल्ट येऊन सगळा कंट्रोलरच थांबतो.

बदली-तासांची त्या वेळची किंमत १४१२ होती. नाव काहीही असलं तरी बदलीनंतर तो काउंटर शून्य होत नव्हता. मेंटेनन्सवाले तो ग्रीसिंगसाठी वापरत होते आणि ग्रीसिंग झालं की तेच तो शून्य करत. टॅगचं नाव वाचून त्याचा वापर गृहीत धरणं ही या प्रकरणातली पहिली चूक. कोणती ओळ त्या टॅगवर लिहिते हे क्रॉस रेफरन्समध्ये पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

१४१२ हा आकडा प्रोग्रामरच्या नजरेस पडला होता. त्याचा हिशेब असा: वन-शॉटला कडा लागते, म्हणजे अट खोट्याची खरी व्हावी लागते. अट आधीपासूनच खरी आहे, मग कडा येणार नाही. काउंटर शून्य होऊन पुन्हा १६८ वर पोचेल तेव्हाच पहिली बदली होईल. ऑफिसात एम्युलेटरवर (कंट्रोलरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) प्रोग्राम डाउनलोड केला, काउंटर १४१२ ठेवला, रन केलं. काहीच हललं नाही. मग काउंटर १६७ वरून १६८ केला, बदली एकदाच झाली. चाचणी पास.

ते १२ सेकंद

कळ रिमोटवर, कंट्रोलर रिमोट रनमध्ये. ओळ लिहिली, ॲक्सेप्ट केली. या टप्प्यावर ओळ कंट्रोलरमध्ये पोचते पण चालत नाही, डावीकडे मोठा ‘आय’ दिसतो. मग टेस्ट दाबलं, म्हणजे नवी ओळ प्रत्यक्ष चालू केली. ‘फायनलाइज ऑल एडिट्स’ वापरलं नाही हे ठीकच केलं, कारण ते ॲक्सेप्ट, टेस्ट आणि असेंबल (बदल कायम करणं) एका दमात करतं आणि मागे फिरायला जागा ठेवत नाही.

टेस्ट दाबल्यावर पहिल्याच स्कॅनमध्ये वन-शॉट फुटला, म्हणजे त्याने कडा आली असं धरून ओळ एकदा चालवली. राखीव-क्रमांक ३ वरून १ झाला. पंप-१ ची कमांड गेली, पंप-३ ला कमांड मिळाली. पंप-१ काही क्षणांत पाणी देईनासा झाला आणि त्याचा व्हॉल्व्ह मिटला. पंप-३ चा रॅम्प नुकताच सुरू झालेला. असा पंप जवळजवळ पूर्ण वेगावर येऊन त्याचा दाब हेडरपेक्षा वर जाईपर्यंत व्हॉल्व्ह उघडतच नाही, म्हणजे रॅम्पचे पहिले पाच-सहा सेकंद त्याचा काही उपयोग नसतो. एकटा पंप-२ उरला, आपल्या दाब-प्रवाहाच्या कर्व्हवर उजवीकडे सरकला, त्याचा प्रवाह आणि करंट दोन्ही चढले.

दुसऱ्या सेकंदाला दाब २.६ च्या खाली, ट्रिपचा १० सेकंदांचा टायमर सुरू. त्याआधीच ३.२ ची पातळी ओलांडली गेली होती, त्यामुळे पीएलसीने राखीव पंप मागितला. पण आता राखीव होता पंप-१, आणि तो ६० सेकंदांच्या लॉकमध्ये.

पाचव्या सेकंदाला प्रोग्रामरने अनटेस्ट दाबलं, म्हणजे नवी ओळ थांबवली. काहीच बदललं नाही. सातव्या सेकंदाला त्याने राखीव-क्रमांकात हाताने पुन्हा ३ लिहिला.

त्याच क्षणी कॉम्प्रेसर जाणार हे ठरलं. पंप-३ रॅम्पच्या शेवटी आला होता, आणखी एका सेकंदात दाब सावरला असता आणि ट्रिपच्या टायमरचे जवळजवळ चार सेकंद शिल्लक राहिले असते. क्रमांक ३ होताच पंप-३ ची कमांड गेली आणि तोही ६० सेकंदांच्या लॉकमध्ये गेला. पंप-१ ला कमांड हवी होती पण लॉक उठायला अजून पन्नासहून जास्त सेकंद होते. बाराव्या सेकंदाला कॉम्प्रेसर ट्रिप.

वन-शॉट का फुटला

लॉजिक्समध्ये कंट्रोलर प्रोग्राम मोडमधून रनमध्ये जातो तेव्हा आधी एक प्रीस्कॅन, म्हणजे तयारीची फेरी, होतो. त्यात साध्या कॉइल (ओळीचा निकाल बिटमध्ये लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन) शून्य होतात, टीओएन टायमर (उशिरा चालू होणारे) रीसेट होतात, आणि वन-शॉटची स्टोरेज बिट (मागच्या स्कॅनची अट लक्षात ठेवणारी) मुद्दाम १ केली जाते. हेतू असा की सुरुवातीलाच अट खरी असेल तर पहिल्या स्कॅनमध्ये खोटी कडा दिसू नये. एम्युलेटरवर प्रोग्राम डाउनलोड करून रन केलं तेव्हा हेच घडलं, म्हणून १४१२ असतानाही वन-शॉट गप्प राहिला.

ऑनलाइन एडिटमध्ये प्रीस्कॅन नसतो. कंट्रोलर रनमध्येच असतो, ओळ चालत्या गाडीत चढते. नव्याने तयार केलेल्या स्टोरेज बिटची किंमत ० असते. वन-शॉटच्या दृष्टीने मागच्या स्कॅनला अट खोटी होती, आता खरी आहे, म्हणजे कडा आली. तीच ओळ, तोच काउंटर, तीच किंमत, आणि दोन ठिकाणी दोन उत्तरं. ऑनलाइन घालायचा बदल डाउनलोड करून तपासला, तर तुम्ही वेगळाच बदल तपासलेला असतो. एम्युलेटरवरही आधी जुना प्रोग्राम चालू करावा, टॅगच्या किमती प्लांटमधून उतरवलेल्या असाव्यात, आणि बदल तिथेही ऑनलाइनच घालावा. या प्रकरणात एवढं केलं असतं तर राखीव-क्रमांक ऑफिसातच हललेला दिसला असता.

काउंटर इन्स्ट्रक्शनचंही तसंच. नवा सीटीयू (वर मोजणारा काउंटर) टाकला आणि त्याची अट आधीच खरी असेल तर पहिल्या स्कॅनला एक मोजणी जास्त होते, कारण मागची अट लक्षात ठेवणारी त्याची सीयू बिट ० असते. टायमरचा टॅग बदलून नवा टॅग दिला तर वेळ शून्यापासून सुरू होते, मग जुना टायमर ५९ व्या सेकंदाला का असेना.

दुसऱ्या कंपन्यांच्या पीएलसीत नावं बदलतात, अडचण तीच राहते. सीमेन्सच्या एस७-१५०० मध्ये रन असताना ब्लॉक लोड केला तर ओबी १०० (सुरुवातीच्या तयारीचा ब्लॉक) चालत नाही, तो फक्त स्टॉपमधून रनमध्ये जाताना चालतो. त्यामुळे तिथे लिहिलेली सुरुवातीची तयारी नव्या ओळीला मिळत नाही. डेटा ब्लॉकची रचना बदलली आणि मेमरी रिझर्व्ह (बदलासाठी ब्लॉकमध्ये राखून ठेवलेली जागा) वापरलं नाही, तर तो ब्लॉक पुन्हा सुरुवातीच्या किमतींवर जातो, म्हणजे सेटपॉइंट आणि मोजण्याही जातात. आयईसी ६११३१-३ या पीएलसी भाषांच्या मानकामधला आर-ट्रिग (वन-शॉटसारखाच कडा ओळखणारा ब्लॉक) मात्र कोल्ड रीस्टार्टनंतरसुद्धा इनपुट आधीच १ असेल तर पहिल्या कॉलला फुटतो, त्यामुळे कोडेसिससारख्या प्रणालीत ऑफिसची साधी चाचणीही हा दोष दाखवते. कोडेसिसमध्ये सांभाळायचं ते वेगळं: ऑनलाइन चेंजनंतर व्हेरिएबलचे पत्ते सरकू शकतात, म्हणून एका सायकलमध्ये साठवलेला पॉइंटर (व्हेरिएबलचा पत्ता) पुढच्या सायकलमध्ये चुकीच्या जागी बोट दाखवू शकतो.

अनटेस्टने काय परत येत नाही

अनटेस्ट ओळ मागे घेतं. ओळीने जे लिहून ठेवलं ते मागे घेत नाही. राखीव-क्रमांक १ राहिला, बदली-तास शून्य राहिले. मेंटेनन्सचे १४१२ तास गेले ते गेलेच. सकाळचा बॅकअप घेताना ऑफिसमधली मास्टर फाइल नव्या नावाने कॉपी केलेली होती, त्यात जुन्या किमती होत्या. आकडा शेवटी मेंटेनन्सच्या आठवड्याच्या नोंदीवरून अंदाजे भरावा लागला. कंट्रोलरमधून अपलोड करून टॅगच्या किमतींसकट सेव्ह केलेली फाइलच बॅकअप म्हणून मोजावी.

कॉइलबाबत हा नियम जास्त महागात पडतो. नव्या ओळीतली कॉइल १ असताना अनटेस्ट केलं आणि जुन्या लॉजिकमध्ये ती बिट कुणी चालवत नसेल, तर ती १ च राहते. कॉइल असलेली ओळ ऑनलाइन पुसली तरी तसंच. त्यानंतर कंट्रोलर प्रोग्राममध्ये नेऊन परत रन केला तरी ती शून्य होत नाही, कारण प्रीस्कॅन करायला तिथे कॉइलच उरलेली नसते. म्हणून ओळ पुसण्याआधी तिच्या सुरुवातीला एएफआय (नेहमी खोटी राहणारी इन्स्ट्रक्शन) टाकून ती खोटी करावी, टेस्ट करून कॉइल पडलेली पाहावी, आणि मगच पुसावी. एसएफसीमध्ये (पायरी-पायरीने चालणाऱ्या प्रोग्रामच्या भाषेत) पायऱ्यांची रचना बदलली तर टेस्ट करताच क्रम पहिल्या पायरीवर जातो, यंत्र मात्र सातव्या पायरीच्या स्थितीत उभं असतं. तिथे टेस्ट आणि अनटेस्ट दोन्ही पहिल्या पायरीवर असतानाच दाबावेत.

आणि माणसाची बाजू. मागे फिरायचं कसं हे आधी लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे पाचव्या सेकंदाला जे सुचलं ते केलं गेलं. हे काम एका माणसाचं नाही. एकाने लॅपटॉपवर, दुसऱ्याने फक्त दाबावर आणि पंपांच्या फीडबॅकवर लक्ष ठेवायचं, आणि ‘हात लावू नको’ म्हणायचा अधिकार दुसऱ्याचा. पंप-३ चढतो आहे हे त्या खोलीत कुणीतरी पाहत असतं तर क्रमांक ३ लिहिला गेला नसता.

ओळीतली खरी उणीव

प्रीस्कॅनचा प्रश्न सोडला तरी ही स्वयंचलित बदली एक ना एक दिवस दाब पाडणारच होती. जुना पंप थांबवणं आणि नवा सुरू करणं एकाच स्कॅनमध्ये होत होतं. मग हाताने बदली करताना इतकी वर्षं कसं चाललं? ऑपरेटर आधी राखीव पंप हॅण्डवर (पीएलसीशिवाय, हाताने) सुरू करत, दाब चढलेला पाहत, आणि मगच एचएमआयवरचं बटण दाबत. ही पायरी प्रोग्राममध्ये कुठेच नव्हती, ती त्यांच्या सवयीत होती. हाताने होणारं काम प्रोग्राममध्ये आणताना ते काम करणाऱ्या ऑपरेटरजवळ एक पूर्ण बदली उभं राहून पाहावी. एम्युलेटरला पाण्याचा दाब कळत नाही, त्यामुळे तिथे ही उणीव कधीच दिसली नसती.

दुसरा प्रयत्न

नवी रचना अशी ठरली: बदलीची वेळ झाली की आधी राखीव पंपाला कमांड, रन फीडबॅक आल्यावर २० सेकंद तिन्ही पंप चालू, दाब ४.० बारच्या वर असेल तरच राखीव-क्रमांक बदलायचा. १५ सेकंदांत फीडबॅक आला नाही तर बदली रद्द आणि अलार्म. तास मोजायला ‘फेर-तास’ हा नवा टॅग, मेंटेनन्सच्या काउंटरला हात नाही.

प्रोग्राम घालण्याआधी पंप पीएलसीच्या हातातून काढले. राखीव पंप-३ आधी हॅण्डवर सुरू केला, मग पंप-१, मग पंप-२ हॅण्डवर घेतले. क्रम महत्त्वाचा, कारण सिलेक्टर स्विच हॅण्ड-ऑफ-ऑटो असा असतो आणि ऑटोकडून हॅण्डकडे जाताना मध्ये ऑफ लागतो, पंप क्षणभर सुटतो आणि पुन्हा रॅम्प घेतो. तिसरा आधी चालू असेल तर हेडरला दोन पंप कायम मिळतात. हॅण्डवर असताना पीएलसीतलं कमी दाबाचं संरक्षण आणि राखीव पंपाची आपोआप सुरुवात दोन्ही नसतात. म्हणून तेवढा वेळ एक माणूस पॅनेलपाशी उभा.

मग अपलोड, किमतींसकट सेव्ह, आणि मास्टर फाइलशी तुलना. नवे टॅग आधी तयार केले. ओळींच्या सुरुवातीला ‘बदली-परवानगी’ ही बिट, किंमत ०. ओळी ॲक्सेप्ट केल्या आणि टेस्ट दाबण्याआधी वन-शॉटच्या स्टोरेज बिटमध्ये हाताने १ लिहिला. ॲक्सेप्ट झालेली ओळ अजून चालत नसल्यामुळे ती किंमत तशीच टिकते. इथे परवानगी ० असल्याने टेस्टनंतर अट खोटी होऊन स्टोरेज बिट पुन्हा ० होणार, हे धरूनच पुढे जायचं. परवानगी १ कराल त्या क्षणी बाकीच्या अटी खऱ्या असतील तर तीच कडा ठरते. म्हणून परवानगी देण्याआधी तास १६८ च्या खाली आहेत हे पाहायचं. परवानगीची बिट टाकली की काम सुरक्षित झालं, हा समज अनेकांना याच ठिकाणी फसवतो.

टेस्टनंतर १० मिनिटं काहीच केलं नाही, फक्त तिन्ही पंपांच्या कमांड बिट आणि स्कॅनचा वेळ पाहिला. कमांड १ आणि २ साठी १, ३ साठी ०, जशा हव्या तशाच. मग पंप-१ ऑटोवर: मध्ये ऑफ लागून तो सुटला, ६० सेकंदांचं लॉक आणि ८ सेकंदांचा रॅम्प संपल्यावर परत आला. त्याचा दाब भरल्यावर पंप-२ तसाच. शेवटी पंप-३ ऑटोवर, कमांड ० असल्याने तो थांबला आणि राखीव झाला.

फेर-तासांत १६७ लिहून परवानगी १ केली, म्हणजे पहिली बदली रात्री कुणी नसताना न होता तासाभरात, सगळे जागेवर असताना होईल. ती झाली तेव्हा तिसरा पंप चढल्यावर दाब ४.२ वरून ४.६ झाला, २० सेकंदांनी पंप-१ सुटला आणि दाब ४.२ वर परतला. त्यानंतरच असेंबल केलं. फाइल पुन्हा अपलोड करून मास्टरच्या जागी ठेवली, आणि कंट्रोलरच्या एसडी कार्डवरची प्रतिमा नव्याने लिहिली. या कंट्रोलरला पॉवर आल्यावर कार्डावरून प्रोग्राम उचलायची सेटिंग होती. कार्ड जुनंच राहिलं असतं तर पहिल्या वीज-खंडानंतर जुना प्रोग्राम आणि जुन्या किमती परत आल्या असत्या.